शेंदेलोण आणि लुगोलची बाटली

सदाशिव पेठ,
पुणे ३०

चि. छकुली,


काल तू विचारलंस ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. शिवाय मी फोनवर बोलायला लागले की तू ‘हो मावशी, हो मावशी’ म्हणतेस आणि नंतर तुला हवं तेच करतेस. म्हणून लिहून पाठवते आहे. पत्राला मध्येच ‘मीटिंग आहे’ म्हणून कापता येत नाही.

तुझ्या त्या कोचबाईंनी तुला दोन गोष्टी करायला लावल्या. घरातलं पांढरं मीठ बंद करून गुलाबी शेंदेलोण आणायचं, कारण पांढऱ्या मिठात म्हणे ‘केमिकल’ असतं. आणि पीसीओडी न् थायरॉइड ही दोन्ही दुखणी आयोडीन कमी पडल्याने होतात, म्हणून रोज सकाळी पाण्यातून लुगोल आयोडीनचे दोन थेंब घ्यायचे. आता बघ, मिठातलं ते ‘केमिकल’ म्हणजे आयोडीनच. एका हाताने त्यांनी ते तुझ्या ताटातून काढून घेतलं आणि दुसऱ्या हाताने बाटलीत घालून तुलाच विकलं. अशी अक्कल लक्ष्मी रोडवरच्या दुकानदारालासुद्धा सुचली नसती.

लुगोलची बाटली मला नवी नाही. लॅबमध्ये असताना ती आमच्या टेबलावर कायम असायची. शौचाच्या तपासणीत अमीबाच्या सिस्ट नीट दिसाव्यात म्हणून स्लाइडवर त्याचा थेंब टाकायचा. ते पिण्याची इच्छा आमच्यापैकी कुणाला कधी झाली नाही, पण ते असो. फ्रान्सच्या झाँ लुगोल यांनी १८२९ मध्ये हे द्रावण केलं: ५ टक्के आयोडीन, १० टक्के पोटॅशियम आयोडाइड. हिशेब मांडलास तर एका थेंबात साधारण ६ मिलिग्रॅम आयोडीन निघतं. प्रौढ बाईची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदरपणी आणि अंगावर पाजताना २५०. म्हणजे एका थेंबात सहा आठवड्यांचं आयोडीन आलं. तू रोज दोन घेतेस. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१३ मध्येच लिहून ठेवलंय की दिवसाला ५०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आयोडीन असलेली सप्लिमेंट घेऊ नयेत. तू त्याच्या पंचवीस पट घेते आहेस.

‘जपानी बायका रोज १२ मिलिग्रॅम खातात’ हे वाक्यही तुला ऐकवलं असेलच. समुद्री शेवाळाचं ओलं वजन आणि सुकं वजन यांचा घोळ होऊन तो आकडा जन्माला आला. नीट मोजलं तर जपानी माणसाच्या पोटात रोज १ ते ३ मिलिग्रॅम जातं, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या. तरीसुद्धा होक्काइडोच्या किनाऱ्यावर, जिथे कोंबू शेवाळ ताटातून हलत नाही, तिथे १९६० च्या दशकात संशोधकांना लोकांचे गळे सुजलेले सापडले. आयोडीन कमी पडून गलगंड होतो हे शाळेत सगळेच शिकतात. जास्त होऊनही होतो, हे पाठ्यपुस्तकातून राहून गेलं.

कोचबाईंच्या म्हणण्यावर लोकांचा विश्वास बसतो याचं मला नवल वाटत नाही. आयोडीनची कथा आहेच तशी दिमाखदार. १९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे भाग पाडले, काही भागांत आयोडीन घातलेलं मीठ दिलं, एका भागात साधंच ठेवलं. काही वर्षांत आयोडीनवाल्या भागांतले गलगंड भराभरा कमी झाले. त्यावर १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला आणि पुढे सगळ्या देशाचं मीठच बदललं. मधे २००० साली साध्या मिठावरची बंदी केंद्र सरकारने उठवली होती, ती २००६ मध्ये परत आली. चिमूटभर पदार्थाने लाखो मुलांची बुद्धी वाचली, असं सार्वजनिक आरोग्यात फार थोड्या ठिकाणी झालं आहे. पण कांगड्यातल्या माणसाच्या मिठात आयोडीन नव्हतं. तू वाकडच्या सुपरमार्केटमधून मीठ आणणारी मुलगी. त्याचं औषध तुला लागू पडेल असं धरून चालणं म्हणजे शेजारणीच्या नंबरचा चष्मा आपल्या डोळ्यांना लावणं.

आपल्याकडे मीठ सुधारून इतकी वर्षं झाली, तरी थायरॉइडच्या गोळ्या का वाढल्या? २०१३ मध्ये देशातल्या आठ शहरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. मुंबई आणि गोवा त्यात होते, पुणं नव्हतं. शंभर प्रौढांत सुमारे ११ जणांचं थायरॉइड मंद निघालं. बायकांत हे प्रमाण १६ च्या जवळ. आणि पाचांत एकाहून अधिक लोकांच्या रक्तात अँटी-टीपीओ सापडलं. छकुली, हे शेवटचं वाक्य परत वाच. तुझ्या रिपोर्टवर तेच लिहिलेलं आहे, आणि तू त्याचा फोटो काढून पाठवलास तेव्हा लाल खूण भलत्याच आकड्यावर, टीएसएचवर, केली होतीस. टीएसएच हा परिणाम आहे. अँटी-टीपीओ वाढलेलं असणं म्हणजे तुझीच प्रतिकारशक्ती तुझ्या ग्रंथीला परकी समजून पोखरते आहे. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये असल्या ग्रंथींचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्या आजाराला पडलं. कामगारांना मार बसल्यामुळे कारखाना मंदावला असेल, तर दारात कच्च्या मालाचा ट्रक उभा करून काय होणार?

उलट बिघडतंच. बर्कलीमध्ये वोल्फ आणि चायकॉफ या दोघांनी १९४८ मध्ये उंदरांवर दाखवलं की आयोडीन एकदम खूप दिलं तर थायरॉइड हार्मोन बनवणंच थांबवतं. निरोगी ग्रंथी काही दिवसांत आयोडीन आत घेण्याचं दार अर्धवट लोटते आणि पुन्हा कामाला लागते. हाशिमोटोच्या ग्रंथीला बहुधा हे जमत नाही. ती बंदच राहते. आणि डॉक्टरांना हे आधीपासून माहीत होतं. १९२० च्या दशकात मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर अतिवेगाने चालणाऱ्या थायरॉइडच्या रुग्णांना ऑपरेशनपूर्वी लुगोल देत असत, ग्रंथी शांत व्हावी म्हणून. आजही काही ठिकाणी देतात. म्हणजे ज्या बाटलीने थायरॉइडला ब्रेक लावतात, तीच बाटली तुझ्या आधीच रेंगाळणाऱ्या थायरॉइडला दिली जाते आहे. चीनमध्ये तीन भागांतल्या लोकांवर पाच वर्षं लक्ष ठेवून २००६ मध्ये निष्कर्ष छापले गेले. जिथे आयोडीन किंचित कमी होतं तिथे उघड हायपोथायरॉइडिझम ०.३ टक्के लोकांत होता, भरपूरपेक्षा जरा जास्त होतं तिथे ०.९, अति होतं तिथे २ टक्के. हे सगळं मिठापाण्यातून गेलेल्या आयोडीनचं. बाटलीतल्या थेंबांपर्यंत ते लोक पोचलेही नव्हते.

आता पीसीओडीकडे. ‘ओव्हरीलाही आयोडीन लागतं’ हे अगदीच खोटं नाही, अंडाशय थोडं आयोडीन घेतं. पण तिथून ‘म्हणून थेंबांनी सिस्ट जातात’ ही उडी फार लांबची आहे. पीसीओडीलाच डॉक्टर पीसीओएस म्हणतात; त्याच्या उपचारांवर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत आहार, व्यायाम, मेटफॉर्मिन, पाळीच्या गोळ्या, इनॉसिटॉलवर सावध चार शब्द, हे सगळं आहे. उपचार म्हणून आयोडीन नाही.

मला खटकतं ते दुसरंच. तुझी सोनोग्राफी झाली ती टीएसएच वाढलेला असतानाच. थायरॉइड मंदावलं की पाळी लांबते, प्रोलॅक्टिन वाढू शकतं, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं रक्तातलं एसएचबीजी उतरतं आणि त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन वर जातं; अंडाशयात लहान लहान फोडांची रांगही दिसू शकते. थायरॉइड फार काळ बंद पडलेल्या लहान मुलींच्या अंडाशयात मोठाल्या गाठी होतात आणि निव्वळ थायरॉइडच्या गोळीने विरघळतात, असं व्हॅन विक आणि ग्रुमबाख यांनी १९६० मध्ये लिहिलं. म्हणूनच २००३ चे रॉटरडॅमचे निकष सांगतात की आधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचं बघा, मग पीसीओएस म्हणा. निकष बदलला की नावही बदलतं, हे वेगळंच. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या तरुण मुली तपासल्या, तेव्हा एका निकषाने २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघालं आणि दुसऱ्या, कडक निकषाने १०.७. त्याच मुली!

तुला पीसीओडी नाहीच असं मी म्हणत नाही. हनुवटीवरचे केस आणि मानेवरची ती काळी वळी ही इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते, आणि ती सगळी निव्वळ मंद थायरॉइडच्या खाती घालता येत नाही. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की भारतीय माणूस दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा असतो. ‘मी कुठे जाड आहे’ हा तुझा युक्तिवाद पुण्यात तरी चालायचा नाही. शिवाय हे दोन्ही आजार एकमेकांच्या संगतीने फिरतात. जर्मनीत २००४ मध्ये पाहिलं तेव्हा पीसीओएस असलेल्या बायकांत थायरॉइडच्या अँटीबॉडीज २७ टक्के जणींत होत्या, बाकीच्यांत ८ टक्के. पण आधी टीएसएच जागेवर येऊ दे, मग पाळी काय करते ते बघ आणि डॉक्टरांना विचार की सोनोग्राफी परत करायची का. औषधं एकदम पाच सुरू केलीस तर कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तुझ्या थायरॉक्सिनच्या गोळीचं म्हणशील तर ती बाटलीपेक्षा कितीतरी साधी आहे आणि तीच तुझ्याकडून नीट घेतली जात नाही. तुझ्या ७५ मायक्रोग्रॅमच्या गोळीत स्वतःचंच जवळपास ५० मायक्रोग्रॅम आयोडीन आहे. हार्मोन वापरला गेला की त्यातलं बरंचसं मोकळं होऊन शरीरात फिरतं. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा निदान अर्ध्या तासाने. तू चहाबरोबर घेतेस हे तुझ्या आईने सांगितलं, तिला रागवू नकोस. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तास लांब.

आणि मीठ परत आण. पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह असतं ते बघ. आपल्या कायद्यात ग्राहकाच्या हातात येताना मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवं. दिवसाला आठ ग्रॅम मीठ आपल्याकडे सहज पोटात जातं, त्यातून १२० मायक्रोग्रॅम आलं. वर दूध, दही, ताक. झालं की काम. जास्त मीठ खा असं मी सांगत नाही, आहे तेच बरोबर ठेव. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, ते बऱ्यापैकी टिकतं. फक्त बरणीला झाकण हवं आणि ती शेगडीच्या कडेला नको. एकादशीच्या खिचडीत शेंदेलोण घातलंस तर माझी काही हरकत नाही. रोजच्या आमटीत नको. थायरॉइडला वाईट म्हणून कोबी-फ्लॉवर बंद केलेत म्हणे? शिजवलेला कोबी खा, त्याने काही होत नाही.

ती दंडावर आयोडीनचा डाग लावून ‘चोवीस तासांच्या आत गेला म्हणजे कमतरता’ ठरवण्याची चाचणी तुझ्यावरही झाली असेल. आयोडीन उडून जातं, उकाड्यात जरा लवकर. एप्रिलमध्ये केलीस तर पुण्यात सगळ्यांनाच कमतरता निघेल.

आता करायचं ते. थेंब आजपासून बंद. गोळी मात्र चालू. बाटली फेकू नकोस, डॉक्टरांना नेऊन दाखव आणि कधीपासून घेत होतीस ते खरं सांग. त्यावरून डोस ठरेल. सहा आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-फोर कर. केसांसाठी तू त्या बायोटिनच्या गोड गमी चघळतेस, त्या तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेव आणि लॅबमध्ये सांगही. काही मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसतो. रिपोर्ट छान आला म्हणून कुणी गोळी कमी केली, असं व्हायला नको.

तुझी,
मावशी

ता. क. बाळाचा विचार पुढच्या वर्षी आहे म्हणालीस म्हणून दोन ओळी. ट्यूब तपासायला एचएसजी सांगितली तर तेलातला रंग वापरणार आहेत का ते विचार. त्यात आयोडीन पुष्कळ असतं आणि महिनोन्‌महिने शरीरात रेंगाळतं, तेव्हा थायरॉइड आहे हे त्यांना आधीच कळू दे. दिवस जाण्याआधी टीएसएच २.५ च्या खाली असलेला बरा. पाळी चुकली की वाट न बघता डॉक्टरांना फोन कर, कारण गोळी बहुधा वाढवावी लागते. आणि गरोदर बायकांना आयोडीनची गोळी देतात ना, त्याबद्दल थायरॉइडच्या २०१७ च्या अमेरिकन सूचनांत स्पष्ट म्हटलंय की जी आधीच थायरॉक्सिन घेते तिला ती वेगळी सुरू करायची गरज नाही.