शुभेच्छा देणे आणि वाट देणे

सणासुदीचे दिवस जवळ आले की आमच्या समाजात एक जुनी चर्चा नव्याने सुरू होते. दिवाळीच्या शुभेच्छा द्याव्यात की नाही? शेजारच्या घरी गणपतीला जावे की नाही? पूर्वी ही चर्चा मशिदीच्या ओट्यावर किंवा लग्नाच्या दावतीत व्हायची, आता ती मोबाइलवर होते. एकीकडून संदेश येतो की नुसते 'शुभ दीपावली' म्हटले तरी ईमान धोक्यात येते. दुसरीकडून आग्रह होतो की शुभेच्छा दिल्याच पाहिजेत आणि त्याही चारचौघांत, फोटो काढून. नाही तर आपल्या देशप्रेमाबद्दल शंका घेतली जाईल. दोन्हीकडच्या मंडळींनी शुभेच्छेला परीक्षा करून टाकले आहे. एकाला ती धर्माची वाटते, दुसऱ्याला नागरिकत्वाची. शेजारी मात्र या दोन्ही परीक्षांत कुठेच नसतो.

धर्माच्या बाजूने पाहिले तर आमच्या अल्प समजुतीप्रमाणे प्रश्न इतका अवघड नाही. पवित्र कुरआनच्या अन्-निसा या सूरेत (आयत 86) सांगितले आहे की कुणी तुम्हाला अभिवादन केले तर त्याहून चांगल्या शब्दांत किंवा निदान तितक्याच चांगल्या शब्दांत उत्तर द्या. हजरत अब्दुल्ला बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पोचला की नाही, असे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले, ही हदीस आमच्यापैकी अनेकांनी ऐकलेली आहे. शेजाऱ्याचा हक्क त्याचा धर्म विचारून ठरत नाही. आणि इबादत ज्याची त्याची, हेही कुरआननेच अल्-काफिरून या सूरेत स्पष्ट केले आहे. आरतीला हात जोडून उभे राहणे वेगळे आणि आरती करणाऱ्याचा सण सुखाचा जावो असे म्हणणे वेगळे. हा फरक आमच्या आई-आजींना कुणी फतवा न देताही कळत होता.

आमच्या शेजारच्या काकू दिवाळीला फराळाचे ताट पाठवतात. नैवेद्य दाखवण्याआधीच आमच्यासाठीच्या करंज्या-चकल्या त्या बाजूला काढून ठेवतात. "तुमच्यात चालत नाही ना, म्हणून आधीच काढलं," एवढेच एकदा म्हणाल्या. ईदला आमच्याकडून त्यांच्याकडे शीरखुर्मा जातो. बकरी ईदला मात्र आमच्या घरातून त्यांच्याकडे कधी मटण गेलेले नाही. त्या दिवशी फळे जातात. हे नियम कुणी लिहिले नाहीत. एकमेकांचे काय चालते आणि काय चालत नाही हे ठाऊक असणे, आणि ते ठाऊक आहे म्हणून कपाळाला आठी न पडणे, यालाच आम्ही शेजारधर्म म्हणत आलो. 'सर्वधर्मसमभाव' हा शब्द भाषणात ऐकला तो नंतर.

घराघरांतला हा शेजारधर्म रस्त्यावर आला की त्याची खरी कसोटी लागते, आणि ती आणतो चांद. आमचे हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान. मराठी पंचांगही महिने चंद्रावरच मोजते, पण सुमारे 32-33 महिन्यांनी एक अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ घालते. आमच्याकडे अधिक महिना नाही. म्हणून आमचे सण सगळ्या ऋतूंतून फिरतात आणि साधारण 33 वर्षांनी पुन्हा त्याच मराठी महिन्यात येतात. गंमत अशी की दोघांचाही महिना अमावास्येनंतरच सुरू होत असल्याने दोन सण एकदा जुळले की पुढचा अधिक महिना येईपर्यंत, बहुधा दोन-तीन वर्षे, सोबतच चालतात. 2004 ते 2006 या तीन वर्षांत दिवाळीच्या पाठोपाठ ईद आली होती. 2025 साली 30 मार्चला गुढीपाडवा झाला आणि त्याच संध्याकाळी दिसलेल्या चंद्रकोरीने 31 मार्चची ईद दिली. एकाच चंद्राकडे पाहून एका घरात गुढी उतरली आणि दुसऱ्या घरात शेवया भाजायला घेतल्या.

2018, 2019 आणि 2020 अशी तीन वर्षे मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडात मशिदींमध्ये गणपती बसवण्याची जुनी रीत आहे. तिथे या वर्षांत पंजे आणि गणपती एकाच छताखाली बसले. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीतही गेली चार दशके मशिदीत गणपती बसतो. आमच्यातल्या काहींना हे पटत नाही, हे आम्हाला माहीत आहे. मशिदीत मूर्ती कशी, हा त्यांचा सवाल खोटा नाही. पण त्या गावांनी तो सवाल आपसांत सोडवला, बाहेरच्या कुणाला विचारले नाही, हेही तितकेच खरे. आणि याच महाराष्ट्रात मुसलमानाचे एकही घर नसलेल्या गावात हिंदू घराणी ताबूत बसवतात, मोहरमात फकीर होतात, चोंगे करतात. तेव्हा हे देणे-घेणे एकतर्फी नव्हते.

2022 मध्ये 10 जुलैला आणि 2023 मध्ये 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. पंढरपुरात आणि राज्यातल्या अनेक गावांत मुसलमानांनी ठरवले की त्या दिवशी नमाज पढायची, कुर्बानी दुसऱ्या दिवशी करायची. यात शरिअतची काही अडचण नव्हती. जिलहजच्या 10, 11 आणि 12 अशा तीन दिवसांत कुर्बानी करता येते. मग आला 28 सप्टेंबर 2023. त्या दिवशी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही होते. मुंबईत खिलाफत कमिटीने जुलूस 29 तारखेला काढायचे ठरवले. सरकारनेही 29 ची सुट्टी जाहीर केली. 2024 मध्ये मिलाद 16 सप्टेंबरला आणि विसर्जन 17 ला. जुलूस 18 ला निघाला. 2025 मध्ये मिलाद 5 सप्टेंबरला आणि विसर्जन 6 ला; जुलूस 8 ला गेला. 2026 च्या अधिक ज्येष्ठाने ही जुळणी सुटते, पण आणखी काही वर्षांनी दुसरे कुठले तरी दोन सण समोरासमोर येतीलच.

आमच्या मते या तीन वर्षांत मुंबईच्या मुसलमानांनी आपल्या हिंदू बांधवांना जी शुभेच्छा दिली ती कुठल्याही फलकावरच्या शुभेच्छेपेक्षा मोठी होती. कारण सणांवरून झालेली भांडणे आठवून पाहा. कुणी शुभेच्छा दिल्या नाहीत म्हणून दंगल झाल्याचे ऐकिवात नाही. दंगली होतात त्या मिरवणुकीच्या वाटेवरून, वेळेवरून, मशिदीपुढच्या वाद्यांवरून. 1893 साली मुंबईत मोठी दंगल झाली. तोवर पुण्या-मुंबईच्या मोहरमात हिंदूही हौसेने ताबूत बसवत, वाजवत, नाचत. 1894 मध्ये पुण्यात हिंदूंनी मोहरमवर बहिष्कार घातला आणि सार्वजनिक गणेशोत्सव जोरात सुरू झाला. पिढ्यान् पिढ्यांची साथ एका वर्षात सुटली. जे इतक्या लवकर सुटू शकते ते आपोआप टिकेल असे समजण्यात अर्थ नाही.

आता आमच्या घरातल्या तरुण मुलाचा प्रश्न. तो म्हणतो, "प्रत्येक वेळी आपणच का हलायचं?" त्याच्या प्रश्नामागे अनुभव आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळीला शुभेच्छांचा पाऊस पडतो, त्यात आमच्याही असतात. ईदच्या दिवशी दोन-चार जण 'ईद मुबारक' लिहितात, बाकीचे गप्प. काही जण आम्हाला वेगळा, खाजगी संदेश पाठवतात. ग्रुपवर लिहायला त्यांना संकोच वाटतो, आणि हा संकोच पूर्वी नव्हता. मुलाला हे बोचते. त्याला 'जाऊ दे, मोठ्या मनाने घे' एवढेच सांगून भागत नाही; तो आता तेवढा लहान राहिलेला नाही.

आम्ही त्याला एक साधा हिशेब सांगितला. विसर्जन चतुर्दशीला बांधलेले आहे, जुलूस कुठल्याही फर्जाला बांधलेला नाही. म्हणून जुलूस हलला. कुर्बानीला तीन दिवस आहेत, एकादशीला एकच. म्हणून कुर्बानी हलली. ज्याचे हलण्यासारखे आहे त्याने हलावे. यात कुणी हरत नाही आणि कुणी कुणाला घाबरलेले नसते. पण हाच हिशेब उलट्या बाजूनेही लागू आहे, आणि तो मागताना आम्ही मान खाली घालण्याचे कारण नाही. नमाजची वेळ सूर्याला बांधलेली आहे, डीजेचा आवाज कुठल्याच शास्त्राला बांधलेला नाही. मशिदीसमोरून जाताना पाच मिनिटे तो बंद होऊ शकतो. अजान ऐकून ढोल-ताशे थांबवणारी मंडळे आम्ही स्वतः पाहिली आहेत; त्यांच्या कार्यकर्त्यांना आम्ही सरबतही पाजले आहे. ईदच्या दिवशी लावलेला परीक्षेचा पेपर दुसऱ्या दिवशी घेता येतो. ईदचा चांद आपल्या हातात नाही, वेळापत्रक माणसाच्या हातात आहे.

मुलाला हे सगळे पटले असे नाही. "ते थांबले नाहीत तर?" असे त्याने विचारलेच. तर आपण मागत राहायचे, सभ्यपणे, पण स्पष्टपणे; पोलिसांच्या शांतता समितीत आणि सोसायटीच्या बैठकीतही. मागण्याचे सोडले तर आपला शेजारी असण्याचा हक्क आपणच सोडल्यासारखे होईल. आणि देण्याचे सोडले तर मागायला तोंड राहणार नाही. ईदच्या दिवशी शांत राहिलेल्या ग्रुपवर पुढच्या दिवाळीला आमची शुभेच्छा जाईल ती याच कारणासाठी. तिच्यामागे भीती नाही आणि काही सिद्ध करण्याची गरजही नाही. अभिवादनाला उत्तर देण्याचा हुकूम आम्हाला आहे, पण आधी समोरच्याने बोलावे अशी अट कुठेच घातलेली नाही.

समाजातल्या जाणत्यांना आमची एवढीच विनंती आहे. शुभेच्छा जायज की नाजायज या वादात दरवर्षी जितका वेळ जातो, त्यातला थोडा वेळ पुढच्या वर्षीच्या तारखा पाहण्यात घालवावा. पंचांग आणि हिजरी दिनदर्शिका शेजारी शेजारी ठेवली की कुठले सण समोरासमोर येणार हे बऱ्याच आधी समजते. चांदमुळे एखाद्या दिवसाचा फरक पडेल, तेवढाच. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना आणि आपल्या जुलूस कमिटीच्या पोरांना महिनाभर आधी एकत्र बसवून चहा पाजावा. कोण कुठल्या वाटेने जाणार, कुठे थांबणार, कुणाचे स्वयंसेवक कुठे उभे राहणार, हे तेव्हाच ठरवून घ्यावे. 'मुबारक' आणि 'शुभेच्छा' हे शब्द त्या चहाबरोबर आपोआप येतात. त्यासाठी वेगळा समारंभ भरवावा लागत नाही.