उंचीचा रकाना

बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला रकान्यांची भीती उरत नाही. ताळेबंद असो वा पीककर्जाचे वसुलीपत्रक, आधी मथळा पाहावा, मग तारीख, आणि आकड्याकडे सर्वांत शेवटी वळावे, ही सवय हाडीमाशी खिळते. निवृत्तीनंतर याच सवयीच्या बळावर मी एक निराळे पत्रक वाचू लागलो आहे. ते आहे डोंगरावरच्या हवामानाचे.

निमित्त झाले पुतणीचे. पुण्यात शिकणारी ही मुलगी एका फेब्रुवारीत मैत्रिणींसोबत गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघाली. धाकट्या भावाने तिच्या हट्टापुढे होकार दिला खरा. पण त्याचा जीव टांगणीला लागला होता. "दादा, तुम्हाला आकड्यांची आवड आहे, तेथील हवेवर तुम्हीच लक्ष ठेवा," असे म्हणून त्याने ती जबाबदारी माझ्यावर सोपवली. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला पाहण्याची सवय असलेल्या अमरावती-अकोल्याच्या माणसाने बर्फाचा अंदाज वाचावा, याची आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींना बरेच दिवस गंमत वाटत होती.

स्कीइंगच्या ठिकाणांसाठी जी पत्रके निघतात, त्यांत एकाच गावाचे तीन अंदाज असतात : पायथ्याचा, मधला आणि माथ्याचा. गुलमर्गचे पठार सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे, तर तेथील गोंडोलाचा, म्हणजे दोरावरच्या पाळण्यांचा, दुसरा टप्पा अफरवाटच्या उतारावर ३९५० मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. हवा साधारणपणे दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे खाली उणे दोन असेल तेव्हा वर उणे दहा असणार. आपल्याकडे हा हिशेब सर्वांच्या अनुभवाचा आहे. अमरावती ३४३ मीटरवर आणि चिखलदरा १११८ मीटरवर. फरक पावणेआठशे मीटरचा. परतवाड्याहून घाट चढताना गाडीच्या काचा खाली केल्या की पाच अंशांचा हा फरक अंगाला जाणवतो. तेव्हा 'गुलमर्गचे तापमान किती' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या उंचीवरचे, हे आधी विचारले पाहिजे. त्यातही एक मेख आहे. अंदाज वर्तवणारा संगणक पृथ्वीचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाला एकच सरासरी उंची देतो. युरोपीय केंद्राच्या गणितात असा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा असतो, तर आपल्या हवामान खात्याने मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'मध्ये ६ किलोमीटरचा. एवढ्या चौकोनात कडा आणि दरी एकाच सरासरीत जमा होतात.

या पत्रकातील माझ्या सर्वाधिक आवडीचा रकाना शून्य अंशाच्या उंचीचा. हवेत कोणत्या उंचीवर तापमान शून्याला येते, हे तो सांगतो. या रेषेच्या वर बर्फ, आणि खाली दोन-तीनशे मीटरपर्यंत वितळत येणारा ओला हिम. त्याहून खाली निव्वळ पाऊस. रेषा २९०० मीटरवर असेल, तर एकाच दुपारी माथ्यावर भुसभुशीत कोरडा बर्फ आणि पायथ्याशी पाणचट चिखल असू शकतो. 'वर्षाव ४० मिलिमीटर' असे लिहिलेले असते, तेथेही नीट पाहावे लागते. एक मिलिमीटर पाण्याचा ढोबळमानाने एक सेंटिमीटर बर्फ होतो, आणि कडाक्याच्या थंडीत त्याहूनही अधिक. पाण्याचे चाळीस मिलिमीटर म्हणजे माथ्यावर गुडघाभर हिम.

वेळेचा रकानाही तपासून घ्यावा. ही गणिते जागतिक प्रमाणवेळेनुसार मांडली जातात. तेथील मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. आणि किती दिवस पुढचे खरे मानायचे? युरोपीय केंद्र सुरुवातीच्या स्थितीत बारीकसा फरक करत एकच अंदाज ५१ वेळा मांडते. एकावन्न उत्तरे जवळजवळ असली तर भरवसा ठेवावा. ती पंख्यासारखी पसरली असली तर त्यांच्या सरासरीला फारशी किंमत देऊ नये. तिसऱ्या दिवसापर्यंत ती बहुधा एकमेकांना धरून असतात, आठव्या दिवशी मात्र पांगलेली. कर्जदाराच्या जामीनदारांविषयीही माझा अनुभव असाच आहे.

वर्गाच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिमी विक्षोभ आला. भूमध्य समुद्राकडून सरकत येणारी ही वादळी प्रणाली काश्मीरला हिवाळ्यातला बर्फ देते. जानेवारी २०२४ मध्ये अशा प्रणाली जवळजवळ आल्याच नाहीत, तेव्हा गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. या वेळी दोन दिवस संततधार हिमवर्षाव झाला आणि तिसऱ्या दिवसाच्या चौकोनात लख्ख सूर्य काढलेला होता. सकाळी पुतणीचा फोन आला. "मोठे बाबा, ऊन पडलंय. आमच्यातले काहीजण दुसऱ्या टप्प्यावरून खाली उतरणार आहेत. मीही जाऊ?"

तो सूर्य मलाही दिसत होता. पण मागच्या दोन दिवसांचे रकाने मिळवले तर माथ्यावर साठ सेंटिमीटरच्या आसपास नवे हिम होते, आणि वाऱ्याच्या रकान्यात ताशी पन्नास-साठ किलोमीटर. असा वारा एका बाजूचे हिम उचलून आडोशाच्या उतारावर रचतो. तो थर खालच्या जुन्या थराला घट्ट धरत नाही आणि माणसाच्या वजनानेही सुटतो. हिमवर्षाव थांबल्यानंतरचा पहिलाच स्वच्छ दिवस या दृष्टीने फसवा असतो. याच अफरवाटच्या उतारांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात दगावले; २०१० साली खिलनमर्गला लष्कराचे सतरा जवान गेले. चंदीगडची डीआरडीओची संस्था हिमस्खलनाच्या धोक्याचे इशारे देते. "तो इशारा तुमच्या प्रशिक्षकांना विचार, आणि ते सोबत नसतील तर वर जाऊ नकोस," एवढेच मी म्हणालो. ती नाराज झाली, पण खालच्या सौम्य उतारावरच थांबली. जे वर गेले तेही सुखरूप परतले, हे तिने संध्याकाळी मला आवर्जून कळवले. माझे मत त्यामुळे बदलले नाही. हजारदा बुडीत न गेलेले विनातारण कर्जही विनातारणच असते.

मात्र त्याच सकाळी माझे लक्ष गुलमर्गवरून वऱ्हाडाकडे वळले होते. हे विक्षोभ उत्तरेकडून सरकताना वरच्या हवेत थंडी खाली ढकलतात, आणि त्याच वेळी समुद्राकडून दमट वारे आले तर विदर्भात गारपीट होते. सवयीने मी अमरावतीसाठी शून्याची रेषा पाहिली. पावसाळ्यात ती आपल्या डोक्यावर सुमारे पाच किलोमीटर किंवा त्याहूनही वर असते. म्हणूनच श्रावणातल्या प्रचंड ढगांतल्या गारा वाटेतच वितळतात. त्या दिवशी ती खूपच खाली आली होती. गारेला ऊबदार हवेतून करावा लागणारा प्रवास तेवढा कमी झाला होता. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मी शाखेत बसून अनुभवली आहे. कर्जांच्या पुनर्गठनाच्या अर्जांचा तो ढीग आणि समोर बसलेल्या माणसांचे चेहरे अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. त्यांतले काहीजण अर्जावर सही करतानाही मान वर करत नव्हते.

दर्यापूर तालुक्यातल्या एका जुन्या खातेदाराचा हरभरा कापून शेतात पसरलेला आहे, हे मला ठाऊक होते. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने 'तुरळक ठिकाणी गारपीट' असा इशारा दिलेला होता. खात्याच्या परिभाषेत तुरळक म्हणजे फार तर पाव भागात, चार ठिकाणांपैकी एखाद्या ठिकाणी. शेतकऱ्याच्या कानाला मात्र हा शब्द 'होणार नाही' असा ऐकू येतो. मी त्याला फोन केला. चारांत एक ही शक्यता त्याच्या भाषेत सांगितली आणि एक दिवसाची मजुरी व ताडपत्री यांचा खर्च दुसऱ्या बाजूला मांडला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "लावतो सायेब गंजी."

तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. "गारा तं नाई आल्या, पन पानी लय आलं. हरभरा कोरडा हाये." गारा पडल्या त्या दुसऱ्याच पट्ट्यात, संत्र्याच्या बागांवर. त्या बागांना ताडपत्री घालता येत नाही. त्याचा मुलगा आता दर फेब्रुवारीत मला विचारतो, "काका, रेघ कुठवर आली?" मी मीटरमध्ये सांगतो आणि तो ते वहीत लिहून घेतो.