न पाठवलेले आंतरदेशीय

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप माजी विद्यार्थी मंडळाकडून यापूर्वी दोनदा आला होता. दोन्ही वेळा मी होकार दिला आणि दोन्ही वेळा लेख पाठवला नाही. वेळ मिळाला नाही, असे कळवले. ते खरे नव्हते. लेख लिहून झाला होता, पण मनासारखा उतरला नव्हता. ज्या शाळेने मला अक्षर दिले तिच्यावरचे लेखन निर्दोषच असले पाहिजे, या हट्टापायी दोन्ही मसुदे कपाटात राहिले. या वेळी त्या हट्टाविषयीच लिहावे असे वाटले.

तो हट्ट मी घरूनच आणला होता. आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळी सरली की कोयते बांधून टोळी निघे आणि मी वसतिगृहात परते. निरोप घेताना आई दरवर्षी सांगे, "चुकू नको बाई. दुसऱ्याचं पोरगं चुकलं तर त्याचं एकट्याचं चुकतं, आपलं चुकलं तर समद्या वस्तीचं चुकतं." बोलणे कठोर होते, पण खोटे नव्हते. एकाच्या चुकीवरून साऱ्या समाजाची लायकी ठरवणारी माणसे पुढे नोकरीत मलाही भेटली. अचूकपणा हे आमचे चिलखत होते. त्याच्या बळावर आम्ही शिकलो, टिकलो. म्हणून त्याची सरसकट निंदा माझ्याने होत नाही.

पण त्याची किंमतही होती. मी सहावीत होते. घरी लिहिण्यासाठी वसतिगृहातून महिन्याला एक आंतरदेशीय पत्र मिळे. कारखान्याच्या पत्त्यावर, मुकादमांच्या मार्फत ते जाई आणि टोळीतले कोणीतरी वाचून दाखवी. सहामाहीत माझा दुसरा क्रमांक आला होता. ती बातमी लिहिताना 'द्वितीय' हा शब्द चुकला. खोडायला गेले तर शाई पसरली. असे डागाळलेले पत्र चारचौघांत वाचले जाणार, या कल्पनेनेच मी ते फाडून टाकले. दुसरे मिळणार नव्हते. त्या महिन्यात पत्र गेले नाही.

पाडव्याच्या सुमारास टोळी परतली तेव्हा वडिलांनी सांगितले, की आई रोज संध्याकाळी मोळ्या टाकून मुकादमांच्या खोपीवर जाऊन पत्राचे विचारत असे. पोरगी आजारी असणार, असे तिने धरूनच ठेवले होते. मी रडत रडत शाईच्या डागाचे सांगितले. आईला अक्षरओळख नव्हती. ती म्हणाली, "काही न लिवता धाडलं असतंस तरी चाललं असतं. तुझ्या हातचं हाय, एवढं तर कळलं असतं."

सायंवंदनेनंतर आमचे अधीक्षक गुरुजी कधीकधी सोण कोळिविसाची कथा सांगत. चंपा नगरीतल्या श्रीमंत घरचा हा सुकुमार तरुण भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याचे तळपाय फुटून वाट रक्ताने भरली. एवढे करूनही मन मुक्त होत नाही, तेव्हा घरी परतावे, असे त्याला वाटू लागले. भगवंतांनी त्याला तो पूर्वी वाजवीत असलेल्या वीणेची आठवण दिली : तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर ती वाजत नाही. कथा बहुतेकांना इथवरच ठाऊक असते. गुरुजी मात्र विनयातला पुढचा भाग सांगायला विसरत नसत. भगवंतांनी सोणाला वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. एकट्यासाठी त्याने ती घेतली नाही, तेव्हा ती साऱ्या संघाला मिळाली. त्या वयात मला वीणेपेक्षा वहाणाच अधिक आवडल्या. आज वाटते, तो भाग आमच्यासाठीच होता. आमच्यापैकी कितीजण अनवाणी चालत होते, आणि पाय फुटणे यालाच साधना समजत होते!

कथा कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. एम.फिल.चा प्रबंध दोन वर्षे एकाच प्रकरणात अडकला होता. ग्रंथालयात बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा १९८७ साली निघालेला तिसरा खंड चाळत होते. प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीवरचे त्यांचे हस्तलिखित त्यात अपूर्णच छापले आहे. जागोजागी संपादकांच्या टिपा आहेत. ते अपुरे आहे म्हणून बाजूला ठेवावे, असे कोणाला वाटले नाही. पुढच्या पिढ्या त्यावरच उभ्या राहून वाद घालतात. मी त्या महिन्यात प्रबंध सादर केला. परीक्षकांनी चुका दाखवल्या, त्या दुरुस्त केल्या. आकाश कोसळले नाही. त्या रात्री, कित्येक वर्षांनंतर, मी सलग झोपले.

आता वर्गात एखादी मुलगी खोडरबराने कागदाला भोक पडेपर्यंत घासते, तेव्हा मी तिची वही हळूच माझ्याकडे घेते आणि आहे तशीच तपासते. अभ्यासात सूट मात्र देत नाही. सैल तारही वाजत नाही, हे आहेच.

आई आता थकली आहे. हा लेख तिला काल वाचून दाखवला. पत्राचा प्रसंग आला तशी ती हसली आणि म्हणाली, "ते आजून ध्यानात हाय व्हय तुझ्या?" दोन-तीन वाक्ये मला अजून खटकत आहेत. पाकीट चिकटवले आहे. दुपारच्या टपालाने जाईल.