उशीर आधीच झालेला असतो

शहपुरा म्हटलं की जबलपूरचे लोकसुद्धा विचारतात, "डिंडोरीवालं का?" आमचं शहपुरा भिटोनी स्टेशनजवळचं, जबलपूर जिल्ह्यातलं, मटारचं. बँकेत लागल्यावर माझी पहिलीच नेमणूक या गावी झाली. वर्धा सोडून त्याआधी मी कधी एकटी राहिले नव्हते.

हिवाळ्यात इथे मटारचा हंगाम असतो. रस्त्यावर गोण्यांनी भरलेल्या गाड्या आणि काउंटरपुढे शेतकऱ्यांची रांग. त्यात डिसेंबरअखेरची तिमाही. अशाच एका संध्याकाळी कॅश जुळेना. बंडलं पुन्हा पुन्हा मोजली, सुटे मोजले, व्हाउचरं चाळली, तरी फरक निघालाच. कमी पडलेली रक्कम रोखपालाने भरायची असते. मी भरली. पैशांपेक्षा नव्या मुलीकडे सगळे ज्या नजरेने बघत होते ती जास्त लागली. ते पाच-सहा दिवस मी धड जेवले नाही, झोपले नाही. पुढे दुसऱ्या काउंटरवरच्या एका व्हाउचरवर रक्कम कमी चढल्याचं सापडलं, पैसे परत मिळाले, साहेबांनी सगळ्यांसमोर तसं सांगितलंही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर माझं मन अगदी मोकळं होतं.

आणि नेमकी त्यानंतर पाळी चुकली.

माझी तारीख एक-दोन दिवसांपलीकडे कधी हलत नसे. आता आठवडा उलटला तरी पत्ता नाही. घरमालकीण भाभींनी दबक्या आवाजात विचारलं, "महीना चढ गया क्या?" आणि अजवायनचं पाणी उकळून दिलं. आई फोनवर म्हणाली, "टेन्शन घेऊ नकोस, त्यानेच आणखी लांबते." औषधाच्या दुकानात 'पाळी आणायची गोळी' चिठ्ठीशिवाय मिळाली, ती मी घेतली नाही, पर्समध्ये ठेवली. मला काहीच उलगडत नव्हतं. टेन्शन होतं तेव्हा पाळीची तारीखच नव्हती, आणि तारीख आली तेव्हा टेन्शन नव्हतं. मग लांबली कशाने?

जबलपूरला आत्या राहते. तिने मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी लग्न झालंय का हे विचारलंच नाही. "पाळी चुकली की पहिली चाचणी हीच, प्रत्येकीची," म्हणाल्या आणि गर्भचाचणीचं किट हातात दिलं. पट्टीवर लघवीचे थेंब टाकून मी तिच्याकडे बघत बसले. 'सी'पाशी एक गुलाबी रेघ उमटली. 'टी'ची जागा कोरी राहिली. तसं काही असण्याचा संबंधच नव्हता, तरी ती पाच मिनिटं मी श्वास रोखून होते.

मग त्यांनी एका कागदाच्या पाठीवर आडवी रेघ ओढली आणि मधे एक टिंब दिलं. टिंब म्हणजे स्त्रीबीज सुटण्याचा दिवस. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक बायकांत दोन आठवड्यांच्या आसपास, जवळजवळ ठरलेला असतो. हलतो तो टिंबाच्या आधीचा काळ. मेंदूतला हायपोथॅलॅमस तासा-दीड तासाने संप्रेरकाचा एकेक झटका पाठवतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी चालते आणि तिच्या सांगण्यावरून अंडाशयात बीज पिकतं. धास्ती, जागरण, उपासमार यांनी कॉर्टिसोल वाढतं आणि हे झटके मंदावतात. बीज पिकायला उशीर होतो, म्हणून पाळीलाही. "तुझी पाळी जानेवारीत अडली नाही," त्या म्हणाल्या, "डिसेंबरअखेरीस, कॅश जुळत नव्हती तेव्हाच बीज मागे पडलं." आईच्या बोलण्याचा निकालही त्यातच लागला. बीज एकदा सुटलं की मग केलेल्या काळजीने तारीख फारशी पुढे जात नाही.

आत्या मधेच म्हणाली, "भूकंपानंतर माझंही असंच झालं होतं." 22 मे 1997 ची ती मध्यरात्र जबलपूरकर विसरलेले नाहीत. आत्याचं कुटुंब कितीतरी रात्री अंगणात झोपलं. त्यानंतर तिची पाळी चुकली, पण तेव्हा ती कुणाला बोलली नाही. इतकी वर्षं तिने ते मनातच ठेवलं याचं मला फार वाईट वाटलं. असं आत्याच्या आधीही घडलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात हाँगकाँगच्या स्टॅन्ली छावणीत जपान्यांनी कैद केलेल्या अनेक बायकांची पाळी थांबली होती, कित्येकींची कुपोषणाला वेळ मिळायच्या आधीच. त्यावरचा लेख 1946 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. म्हणजे हे मनाचे खेळ नव्हेत, शरीराचंच काम आहे.

तरीही डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर 'ताण' लिहिलं नाही. आधी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन तपासायला सांगितलं, वजन किती घटलं ते विचारलं, चेहऱ्यावरचे केस आणि मुरुमं पाहिली, पीसीओडीची शक्यता पडताळली. "टेन्शन हे कारण मी सगळ्यात शेवटी लिहिते. आधी लिहिलं तर थायरॉईड तसाच राहून जातो." मला हे फार पटलं. आपल्याकडे बाईच्या कुठल्याही दुखण्याला टेन्शनचं लेबल लावून मोकळे होतात. पर्समधली गोळी मी दाखवली. तिने रक्तस्राव होईल, पण पाळी का अडली ते झाकलं जाईल, असं त्या म्हणाल्या. आणि चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गर्भपाताच्या गोळ्यांबद्दल त्यांनी जे सांगितलं ते फार कडक होतं: डॉक्टरला न विचारता एकही नाही.

रिपोर्ट ठीक आले. जानेवारी संपता संपता पाळी आली, जरा जास्तच दुखलं, आणि पुढच्या महिन्यापासून तारीख पुन्हा रुळावर आली.

मोठ्या बाईचं चक्र 24 ते 38 दिवसांचं असेल तर ते नेहमीचं समजतात. एखाद्या वेळी थोडं पुढेमागे झालं तर घाबरायचं कारण नाही. पण नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा चुकलेल्या पाळीसोबत पोटात जोराची कळ आली, चक्कर आली, तर डॉक्टरकडे गेलंच पाहिजे. कळ-चक्कर असेल तर त्याच दिवशी. आणि घरातल्या मुलीची पाळी लांबली तर तिला "टेन्शन घेऊ नकोस" एवढंच सांगून सोडू नका. दोन-तीन आठवड्यांपूर्वी तुझं काय चाललं होतं, जेवत-झोपत होतीस का, हे जवळ बसून विचारा.