पाण्याचा जमाखर्च

मैत्रिणींनो, घरखर्चाची वही आपण सगळ्याच लिहितो, पण पाण्याची? नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला ती सारा गाव लिहितो. पाऊस साधारण ४०० मिलिमीटर, तोही हल्ली भलताच लहरी! पावसाळा सरला की ग्रामसभेत हिशेब मांडायचा. आधी माणसांचं पाणी, मग गुराढोरांचं, उरेल ते पिकांना. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई.

गेल्या माघात तिथल्या एका मावशींना विचारलं, "जड नाही जात?"

"जातं की! यंदा गव्हाला काट मारली, हरभरा पेरला. पण डोक्यावर हंडा घेऊन लांबलांब हिंडलेय मी बाई."

निघताना त्यांनी ओंजळभर सोलाणे माझ्या पदरात घातले.