गिअरचा झटका

मुलांनो, एसटी बस स्टँडवरून निघताना तुम्ही कधी उभे राहिला आहात का? ड्रायव्हर पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जातो आणि उभ्या असलेल्या सगळ्या माणसांच्या माना एकदम हलतात. कोणाची पिशवी पडते, कोणी पुढच्याचा खांदा धरतो. काही ड्रायव्हर मात्र असे असतात की गिअर कधी बदलला ते कळतही नाही. बस तीच, रस्ता तोच. मग हा झटका कोठून येतो?

त्यासाठी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. चालत्या बसमध्ये चढणारा माणूस आधी बसच्या दिशेने पळतो आणि मग दांडा धरतो. (तुम्ही असे मुळीच करू नका.) तो जागेवर उभा राहून दांडा धरील तर खांद्याला केवढा हिसका बसेल! वेगवेगळ्या वेगाच्या दोन वस्तू अचानक एकमेकींना जोडल्या की झटका बसतो. गाडीत एका बाजूला इंजिन फिरत असते आणि दुसऱ्या बाजूला चाके फिरत असतात. दोघांचे वेग जुळलेले नसताना क्लच सोडला की सगळी गाडी हादरते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे मामू 26 वर्षे एसटीत ड्रायव्हर होते. 2016 च्या हिवाळ्यात माझी नानी अंगणात पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रियेसाठी तिला सोलापूरला न्यायचे ठरले. धाराशिवहून सोलापूर सुमारे 65 किलोमीटर, आणि मध्ये तुळजापूरचा घाट. शेजाऱ्यांची जुनी जीप मिळाली. मागे दोन गाद्या अंथरल्या, नानीला निजवले, तिचे डोके माझ्या मांडीवर घेतले. गाडी जरा हलली तरी ती डोळे मिटून घेई आणि माझे मनगट घट्ट धरी. मोडलेल्या हाडाला झटका म्हणजे काय, हे मला त्या मनगटावरून कळत होते.

तुळजापूर मागे पडले आणि उतार सुरू झाला. उतारावर नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही. ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी लागते, म्हणजे इंजिनच गाडीला आवरते. पण खालच्या गिअरमध्ये जातानाच मोठा झटका बसतो. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत आहे. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये त्याला 2500 फेरे घ्यावे लागतील. हे जादा फेरे कोण देणार? ड्रायव्हरने दिले नाहीत, तर चाके इंजिनला ओढून ते घ्यायला लावतात. त्या ओढण्याचाच हिसका माणसांना बसतो.

मामूंनी काय केले ते मी आरशातून पाहत होतो. त्यांनी क्लच दाबला, गिअर न्यूट्रलला आणला, क्लच सोडला, थोडी रेस दिली, पुन्हा क्लच दाबला आणि मग दुसरा गिअर टाकला. सगळे मिळून दोन-तीन सेकंद लागले असतील. इंजिनचा आवाज चढला, गिअरची दांडी अलगद आत गेली. नानीचा हात माझ्या मनगटावर सैलच राहिला. याला डबल क्लच म्हणतात.

मी म्हणालो, "मामू, क्लचच हळूहळू सोडला तर नाही का चालणार?"

"चालेल की," ते म्हणाले. "पण मग क्लच प्लेट घासते. घासली की तापते, तापली की जळते. झटका तरी खा, नाही तर प्लेट तरी जाळ. त्यापेक्षा आधी वेग जुळवून घ्यावा. गिअर मागून घ्यायचा असतो बेटा, हिसकायचा नसतो."

नानीची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे ती काठी घेऊन चालू लागली. मामूंचे वाक्य मात्र माझ्या मनात राहिले. मी मोटारींविषयी वाचू लागलो.

1932 साली निजामाच्या राज्यात 27 बसगाड्यांनी सरकारी मोटार सेवा सुरू झाली. आपला जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. त्या काळच्या अवजड गाड्या चालवायच्या तर डबल क्लच शिकावाच लागे. अमेरिकेत अर्ल थॉम्प्सन नावाच्या इंजिनिअरने त्यावर उपाय शोधला होता. त्याने गिअरच्या दात्यांआधी एकमेकांना घासणारे भाग बसवले. आधी ते टेकतात, वेग जुळतो आणि मग दाते बसतात. याला सिंक्रोमेश म्हणतात. 1928 साली ते प्रथम कॅडिलॅक मोटारीत आले. पुढे याच थॉम्प्सनच्या हाताखाली हायड्रामॅटिक हा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स तयार झाला आणि 1940 च्या नमुन्याच्या ओल्ड्समोबाइल मोटारींत तो मिळू लागला.

अशा ऑटोमॅटिक गाडीला क्लचचे पेडल नसते. आजच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये तेलाने भरलेले एक गोल भांडे असते. त्यात दोन पंखे समोरासमोर असतात. घरातला एक पंखा चालू करून दुसरा त्याच्यासमोर ठेवा, तोही वाऱ्याने फिरू लागेल. येथे वाऱ्याऐवजी तेल असते, एवढेच. त्याच्या पुढे, गिअरबॉक्सच्या आत, प्लेटांचे लहान लहान क्लच असतात. त्यांना माणसाचा पाय दाबत नाही, तेलाचा दाब दाबतो.

आता शर्यतीच्या गाडीकडे वळू. माझ्या खालाचा मुलगा पुण्यात एका गॅरेजमध्ये काम करतो. सरळ धावपट्टीवर थोडे अंतर कोण आधी कापतो, अशा शर्यतींना ड्रॅग शर्यती म्हणतात. पुणे जिल्ह्यात अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. तशीच एक ऑटोमॅटिक गाडी त्याच्याकडे आली. तक्रार अशी, की न्यूट्रलमधून डी मध्ये टाकले की मागून कोणी घण मारावा तसा दणका बसतो. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस दोनदा तुटला होता. तो धावपट्टीवर तुटला, तर शाफ्ट गाडीचा तळ फोडून चालवणाऱ्याच्या पायापर्यंत येऊ शकतो.

सुट्टीत मी तेथे गेलो होतो. त्याने मला समजावून सांगितले. शर्यतवाल्यांना धावतानाचा झटका हवाच असतो. तेथे प्लेटा हळूहळू धरू लागल्या तर वेळ जातो आणि प्लेटा जळतात. म्हणून गिअरबॉक्समध्ये दाब मऊ करणाऱ्या ज्या स्प्रिंगा असतात, त्याच ते बंद करून टाकतात. पण उभ्या गाडीत डी टाकताना बसणाऱ्या दणक्याने कोणाचा फायदा होतो? कोणाचाच नाही. तो दणका काढायचा आणि धावतानाचा ठेवायचा, हे खरे काम.

न्यूट्रलमध्ये तेलातला दुसरा पंखा मोकळा फिरत असतो, जवळजवळ इंजिनच्याच वेगाने. चाके मात्र उभी असतात. डी टाकले की तो पंखा उभ्या चाकांना जोडला जातो आणि त्याला क्षणात थांबावे लागते. रोजच्या वापरातल्या गाडीचे इंजिन नुसते चालू ठेवले, तर मिनिटाला 700-800 फेरे घेते. शर्यतीचे इंजिन इतके सावकाश चालतच नाही, बंद पडते. त्याला हजाराच्या वर ठेवावे लागते. जितके फेरे जास्त, तितका दणका मोठा.

म्हणून त्याने आधी गिअरबॉक्सला हात लावला नाही. तेलाची पातळी पाहिली, इंजिनखालचे फाटलेले रबर बदलले आणि इंजिनचे फेरे बंद न पडता जितके उतरतील तितके उतरवले. अर्धा दणका तेथेच गेला. मला तुळजापूरचा घाट आठवला. चाके उभी असतील, तर इंजिनने खाली उतरायचे. चाके जोरात असतील, तर इंजिनने वर चढायचे. मामूंची रेस आणि याचा स्क्रू, दोन्ही एकाच कामाचे.

उरलेल्या दणक्यासाठी मात्र गिअरबॉक्स उघडावा लागला. आत तेलाच्या वाटेवर छिद्रांचा एक पत्रा असतो. घागरीतून पाणी भसकन पडते आणि सुरईच्या अरुंद गळ्यातून सावकाश येते. त्याने डी च्या क्लचकडे जाणारे छिद्र तेवढे लहान केले. तेल हळू भरले, क्लच हळू धरू लागला. धावताना बदलणाऱ्या गिअरांच्या वाटा वेगळ्या होत्या, त्यांना त्याने हात लावला नाही. छिद्र आणखी लहान का नाही केले, असे मी विचारले. त्याने जुन्या जळलेल्या प्लेटा माझ्या नाकाजवळ धरल्या. करपलेल्या भाकरीसारखा, पण त्याहून उग्र वास होता. मऊपणा जास्त झाला की हेच होते.

मी हे सर्व मामूंना सांगितले तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले, "आणि डी टाकल्यावर तो ड्रायव्हर लगेच रेस देतो का?" मी फोन करून विचारले. उत्तर आले, की गिअर पुरता धरेपर्यंत थांबायला त्याला बजावले आहे.

आता तर गिअरच नसलेल्या बस आल्या आहेत. 1 जून 2022 रोजी एसटीची शिवाई ही विजेवरची बस पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर सुरू झाली. विजेची मोटर तर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर लावू शकते, म्हणून तो जोर हळूहळू सोडण्याचे काम तिचा संगणक करतो. मामू पुण्याला गेले तेव्हा अशा एका बसमध्ये मुद्दाम पुढे बसले. सगळा वेळ ते ड्रायव्हरच्या डाव्या हाताकडे पाहत होते. तो हात मांडीवर स्वस्थ पडला होता.