कॉटर पिन आणि विटा

२७ एप्रिल, झाशी
सकाळीच लू सुटली. दुपारी कारखान्याच्या पत्र्याखाली लोखंडाला उघडा हात लावता येत नव्हता. इथं मालगाडीची वाघीण दुरुस्तीला आली की ती आधी बोगीवरून उचलतात, चाकं लेथवर जातात आणि ब्रेकची जोडणी आमच्या टोळीकडे येते. झिजलेल्या पिना काढायच्या, नव्या घालायच्या, कॉटर पिनेची टोकं फाकवून वाकवायची. शेवटी ब्रेकच्या पाइपात पाच किलोचा दाब भरून हवा कुठे गळते ते बघायचं. १८९५ पासून या कारखान्यात डबे दुरुस्त होतात. आजोबा नगर जिल्ह्यातून जीआयपी रेल्वेच्या नोकरीवर झाशीत आले, तेव्हापासून आमच्या घरात हेच काम.

आजोबा पिन ठोकताना प्रभूची प्रार्थना पुटपुटायचे. मीही म्हणतो. पण मला वाटतं, खरी प्रार्थना त्या शब्दांच्या पुढे असते. वाघिणीच्या पोटाखाली, जिथं कुणी वाकून बघणार नाही तिथंही पिनेचं टोक नीट वळवणं, ही ती प्रार्थना. इटारसीच्या पुढे घाट उतरणारा चालक मला ओळखत नाही. माझा शेजारी तोच.

३० एप्रिल
रात्री प्रेषितांची कृत्ये वाचत होतो. करिंथात पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहतो, कारण तिघांचाही धंदा तंबू करण्याचा. दिवसा तंबू, शब्बाथाला सभास्थानात उपदेश. पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत मठवासीयांच्या प्रार्थनेच्या वेळा ठरवल्या, तशा हाताने काम करण्याच्याही ठरवल्या. आणि नाझरेथात येशू सुतार होता. त्याने प्रवचन सुरू केलं तेव्हा त्याचं वय तिशीच्या आसपास होतं. तोवरची वर्षं फुकट गेली असं मानणारा ख्रिस्ती मला अजून भेटायचा आहे, पण त्या वर्षांवर उपदेशही फारसे ऐकू येत नाहीत.

१ मे
संध्याकाळी संत यूदाच्या देवळात मिस्सा. आज कामगार संत योसेफाचा सण. बाराव्या पायस पोपनी तो १९५५ मध्ये सुरू केला. दुसऱ्या जॉन पॉल पोपनी १९८१ मध्ये श्रमावर विश्वपत्र लिहिलं. तरुणपणी, नाझींच्या ताब्यातल्या क्राकोमध्ये, त्यांनी दगडाच्या खाणीत आणि मग रसायनांच्या कारखान्यात काम केलं होतं. म्हणून त्यांचं म्हणणं मी मान देऊन ऐकतो.

तरी एक गोष्ट मला सोडत नाही. माझ्या पणजोबांनीही कष्ट केले. मेलेली ढोरं ओढली, सरकारी टपाल गावोगाव पोचवलं, मिळेल त्या भाकरीवर राबले. नकार द्यायची सोय नव्हती. महार वतनाची ती चाकरी १९५८ च्या कायद्याने गेली. त्या राबण्याला कुणी पवित्र म्हटलं, तर मी उठून निघून जाईन. मिसरात विटा पाडणाऱ्या इस्राएलांना देवाने विटांचं माहात्म्य सांगितलं नाही. त्यांचा आक्रोश ऐकला आणि त्यांना बाहेर काढलं. ज्याला ‘नाही’ म्हणता येतं, ज्याला पोटभर दाम मिळतो, त्याच्या घामातच मला उपासना दिसते. बाकीच्यांच्या बाबतीत आपलं काम त्यांच्या बाजूने उभं राहण्याचं.

६ मे
गल्लीत एकाचा दुसरा मजला चढतोय. दुपारी एक बाई डोक्यावर विटा घेऊन शिडी चढत होती. सावलीतलं तिचं मूल आमची बायको घरात घेऊन आली. मी मालकाला सांगितलं, बारा ते चार काम थांबवा, मजुरी मात्र पूर्ण द्या. तो कुरकुरला, पण आज थांबवलं. दहा आज्ञांमधली शब्बाथाची विश्रांती दासाला, दासीला आणि बैलालाही दिलेली आहे, केवळ मालकालाच नव्हे.

तुमच्या घरी या महिन्यात बांधकाम असेल, तर दुपारची सुट्टी द्या, आणि तिचे पैसे कापू नका.